‘प्रॅक्टिकल’ पिस्तूल : स्पर्धात्मक नेमबाजीतील विभाग आणि शस्त्राची निवड

१९७६ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कोलंबिया या गावी नेमबाजांची एक परिषद भरली व तीतून ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ ही संस्था जन्मास आली. आद्याक्षरांवरून तिला ‘इप्सिक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. संस्थेचा पहिला अध्यक्ष जेफ कूपर (१९२०–२००६) हा अमेरिकेच्या मरीन दलातील निवृत्त अधिकारी. संस्थेने तीन लॅटिन शब्दांचे ब्रीद स्वीकारले : ‘डिलिजेन्शिया, विस, सेलेरिटास’. यांचा अर्थ अचूकता, शक्ती व वेग असा लावला जातो. काटेकोरपणे पाहू गेल्यास ‘डिलिजेन्शिया’ म्हणजे अचूकता नव्हे. दक्षता किंवा काळजी हा त्या शब्दाचा मूळ अर्थ होय. परंतु ब्रीदवाक्यांचे अर्थ कोशकार ठरवीत नसून ती मिरविणारे ठरवितात. हीच गोष्ट संस्थेच्या नावातील ‘प्रॅक्टिकल’ या शब्दाची झाली, आणि तिचे परिणाम मात्र दूरगामी ठरले. कोणते पिस्तूल घेऊन स्पर्धेत उतरावे, हा वरवर केवळ खरेदीचा वाटणारा प्रश्न गेली पन्नास वर्षे या एका शब्दाच्या अर्थाभोवती फिरत आला आहे.

‘प्रॅक्टिकल’ हा शब्द येण्यापूर्वी या खेळात ‘कॉम्बॅट’ हा शब्द रूढ होता. कॅलिफोर्नियातील बिग बेअर लेक येथे १९५० नंतरच्या दशकात कूपर व त्याचे सहकारी ‘लेदरस्लॅप’ नावाच्या स्पर्धा भरवीत. चामडी म्यानातून पिस्तूल उपसून ठरावीक अंतरावरील लक्ष्य प्रतिस्पर्ध्याच्या आधी कोण फोडतो, एवढेच तेथे पाहावयाचे असे. बहुतेक स्पर्धक चित्रपटातील घोडेस्वारांप्रमाणे कमरेपासूनच गोळी झाडीत. १९५९ साली लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरीफ खात्यातील जॅक वीव्हर याने स्मिथ अँड वेसन कंपनीचे के-३८ हे रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरून डोळ्यांच्या रेषेत आणले आणि नेम धरून गोळी झाडली. त्याला क्षणभर उशीर होई. पण इतरांच्या गोळ्या मातीत जात असता त्याची पहिलीच गोळी लक्ष्यास लागे. तो जिंकला. कूपरने या पवित्र्याचे महत्त्व ओळखले व त्याचा प्रसार केला. अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने १९८२ साली तो अधिकृतपणे शिकविण्यास आरंभ केला. वीव्हरने स्पर्धेसाठी वेगळे शस्त्र घडविले नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याने बदलली ती धरण्याची रीत. या खेळातील पहिला मोठा शोध माणसाच्या शरीरासंबंधीचा होता; पुढचे बहुतेक शोध यंत्रासंबंधीचे आहेत.

आरंभीच्या काळात पिस्तुलाच्या निवडीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. जॉन मोझेस ब्राउनिंग याने सिद्ध केलेले व अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल हे कूपरचे आवडते शस्त्र. त्याची गोळी .४५ इंच मापाची, २३० ग्रेन वजनाची व संथ. (ग्रेन हे वजन आपल्याकडील गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक भरते.) तिच्या समोर युरोपची ९ मिलिमीटर मापाची गोळी उभी होती : वजनाने सुमारे निम्मी, वेगाने अधिक, आणि हाताला बसणारा धक्का सौम्य. केवळ अचूकता व वेग यांनाच गुण दिले असते, तर सौम्य धक्क्याचे शस्त्र नेहमीच जिंकले असते आणि ब्रीदातील ‘विस’ हा शब्द शोभेपुरता उरला असता. म्हणून शक्तीचे मोजमाप करणे आवश्यक झाले. गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले दर सेकंदास फुटांतील वेग, भागिले एक हजार, असा ‘पॉवर फॅक्टर’ म्हणजे शक्तिगुणांक ठरला. पूर्वी तो लोलकाच्या साहाय्याने अजमावीत, पुढे वेगमापक यंत्राने मोजू लागले. .४५ ची लष्करी गोळी सेकंदाला ८३० फूट गेली, तर तिचा गुणांक सुमारे १९१ येतो. १२४ ग्रेनची ९ मिलिमीटर गोळी ११०० फूट वेगाने गेली, तर तो १३६ येतो. पहिलीस ‘मेजर’ व दुसरीस ‘मायनर’ अशी नावे मिळाली. मायनरची किमान मर्यादा १२५ अशी राहिली. मेजरची मर्यादा मात्र देशकालपरत्वे सरकत गेली : अमेरिकेत ती दीर्घकाळ १७५ होती, नंतर १६५ वर आली, आंतरराष्ट्रीय नियमांत ती ‘ओपन’ विभागास १६० व ‘स्टँडर्ड’ विभागास १७० आहे.

या दोन वर्गांतील भेद गुणपत्रकात उतरतो, आणि निवडीचे सारे गणित तेथेच आहे. लक्ष्याच्या मधल्या ‘अ’ क्षेत्रात गोळी बसल्यास दोघांनाही पाच गुण. त्याबाहेरील ‘क’ क्षेत्रात मेजरला चार, मायनरला तीन. सर्वांत बाहेरच्या ‘ड’ क्षेत्रात मेजरला दोन, मायनरला एक. नंतर एकूण गुणांस लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे. या भागाकाराला ‘हिट फॅक्टर’ म्हणतात व ज्याचा तो सर्वाधिक तो त्या फेरीत प्रथम. समजा, बत्तीस गोळ्यांच्या फेरीत दोघा नेमबाजांच्या चोवीस गोळ्या ‘अ’ मध्ये व आठ ‘क’ मध्ये लागल्या. मेजरवाल्याचे गुण १५२, मायनरवाल्याचे १४४. मेजरवाल्यास वीस सेकंद लागले, तर त्याचा भागाकार ७.६ येतो. तेवढाच भागाकार मिळविण्यास मायनरवाल्याने फेरी १८.९५ सेकंदांत संपविली पाहिजे. म्हणजे सौम्य धक्क्यामुळे वीस सेकंदांत एका सेकंदाहून थोडा अधिक वेळ वाचला, तर मायनर परवडले, एरवी नाही. ज्याच्या गोळ्या सहसा ‘अ’ क्षेत्राबाहेर जात नाहीत, त्याला हा दंड जाणवतही नाही. ज्याचा हात अस्थिर आहे त्याला मेजरचा आधार वाटतो. परंतु अस्थिर हातालाच मेजरचा धक्का अधिक जाचतो. नवशिक्याची कुचंबणा नेमकी येथे होते.

पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली, म्हणजे संस्थेच्या स्थापनेच्याही आधी, झुरिक येथे झाली व तीत अमेरिकेचा रे चॅपमन विजयी झाला. १९७६ साली ऑस्ट्रियात नॉर्वेचा यान फॉस, १९७७ साली ऱ्होडेशियातील सॉल्झबरी येथे त्याच देशाचा डेव्ह वेस्टरहाउट, असा हा क्रम आहे. त्या काळी सर्व स्पर्धक एकाच यादीत असत, विभाग नव्हते. ज्याला जे पिस्तूल हवे ते त्याने आणावे, असा नियम होता. एखादी स्पर्धा ‘व्यवहारोपयोगी’ म्हणविते आणि शस्त्रावर बंधन घालीत नाही, तेव्हा ती एक गृहीत धरून चालते : व्यवहारात जे उपयोगी, तेच स्पर्धेतही जिंकेल. हे गृहीत पहिल्या काही वर्षांपलीकडे टिकले नाही.

त्याला तडा कसा गेला हे पाहण्यासाठी शक्तिगुणांकाकडे पुन्हा वळावे लागते. हा गुणांक केवळ बाहेर पडणाऱ्या गोळीचा संवेग मोजतो. तो कोणत्या मार्गाने साधला याची तो चौकशी करीत नाही. १७५ चा आकडा गाठण्यास २३० ग्रेनची गोळी सेकंदाला ७६१ फूट गेली तरी पुरे. ११५ ग्रेनची गोळी मात्र १५२२ फूट वेगाने जावी लागते. वरवर पाहता दुसरा मार्ग मूर्खपणाचा : दारू अधिक, दाब अधिक, आवाज अधिक. परंतु १९८० च्या दशकाच्या आरंभी पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाशी ‘कॉम्पेन्सेटर’ नावाचा भाग बसू लागला होता. त्याच्या वरच्या बाजूस असलेल्या खाचांतून दारूचा वायू उसळून वर जातो आणि नळीचे तोंड खाली दाबून धरतो. जितका वायू अधिक व जितका दाब मोठा, तितका हा परिणाम अधिक. म्हणजे हलकी, वेगवान गोळी व भरपूर दारू हा जो दोष होता, तोच गुण ठरला. कोल्टने १९२० च्या दशकाच्या अखेरीस काढलेले व नंतर जवळजवळ विस्मृतीत गेलेले .३८ सुपर हे काडतूस यामुळे पुन्हा उजेडात आले. रॉब लेदम व ब्रायन एनॉस या अमेरिकी नेमबाजांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास ते लोकप्रिय केले. लेदम हा १९८३, १९८६ व १९८८ या तीन जागतिक स्पर्धांचा विजेता. त्या काडतुसाचा आणखी एक लाभ असा की, .४५ च्या सात काडतुसांच्या जागी त्याची अधिक काडतुसे मावत. या उद्योगातील धोकाही लहान नव्हता. काडतुसाच्या पितळी पुंगळीस नळीने पुरता आधार दिला नसेल, तर ती फुटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येई. अमेरिकी नेमबाजांनी या अपघातास ‘सुपर फेस’ असे एक काहीसे निर्दय नाव दिले होते. पुढे पुंगळीला पूर्ण आधार देणाऱ्या नळ्या आल्या व हा प्रकार आटोक्यात आला.

त्यानंतरचे बदल भराभर आले. दुहेरी रांगेत काडतुसे ठेवणारे रुंद मुठीचे सांगाडे निघाले. १९९० साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे अमेरिकेच्या डग केनिग याने पिस्तुलावर लाल ठिपक्याचे विद्युत्-दृष्टियंत्र बसवून जागतिक अजिंक्यपद मिळविले. पुढची खूण मागच्या खाचेत बसवून दोन्ही लक्ष्याशी जुळवावयाच्या, या जुन्या कष्टाऐवजी आता एक ठिपका लक्ष्यावर ठेवला की झाले. केनिगच्या पूर्वी अशा यंत्राने जगज्जेता झालेला नेमबाज नव्हता. त्याच्यानंतर बंधनमुक्त शस्त्राच्या स्पर्धेत त्यावाचून जिंकण्याची आशा कोणी धरली नाही. अशा पिस्तुलांस ‘रेस गन’ म्हणू लागले. हा शब्द मोटारींच्या शर्यतीवरून आलेला आहे आणि तो वापरणाऱ्यांनी नकळत एक कबुली दिली आहे : शर्यतीची मोटार घेऊन कोणी बाजारात जात नाही. जे पिस्तूल अंगरख्याखाली लपत नाही, साध्या म्यानात बसत नाही व पावसाचे चार थेंब पडताच ज्याच्या काचेकडे पाहावे लागते, त्याला ‘प्रॅक्टिकल’ म्हणणे भाषेवर अन्याय करण्यासारखे होते. कूपर स्वतः या दिशेवर सतत टीका करीत राहिला. आपण शस्त्रविद्येची कसोटी निर्माण केली, ती आता अवजारांची चढाओढ झाली आहे, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. तो आक्षेप खरा होता. परंतु त्याच्या संस्थेनेच आधी ‘जे हवे ते आणा’ असे म्हटले होते, हेही तितकेच खरे आहे.

विभागांची कल्पना येथून पुढे आली. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ‘लिमिटेड’ व आंतरराष्ट्रीय नियमांत ‘स्टँडर्ड’ हा वर्ग निर्माण झाला. दृष्टियंत्र नको, कॉम्पेन्सेटर नको, असा त्याचा निषेधात्मक पाया. बंधनमुक्त वर्ग ‘ओपन’ या नावाने राहिला. स्टँडर्डची व्याख्या करताना आंतरराष्ट्रीय संस्थेने योजलेली युक्ती मोठी मौजेची आहे. पिस्तूल काय असावे हे शब्दांत सांगण्याऐवजी तिने २२५ × १५० × ४५ मिलिमीटर मापाची एक पेटी बनविली. काडतुसांचे मॅगझिन लावलेले पिस्तूल या पेटीत बसले, तर ते स्टँडर्ड. न बसले तर नव्हे. शब्दांच्या अर्थावर वाद घालता येतो, लाकडी पेटीच्या मापावर घालता येत नाही. पण पेटीलाही कोपरे असतात आणि कारखानदारांनी ते सर्व भरून काढले. नळी जितकी लांब करता येईल तितकी, मॅगझिन जितके खाली नेता येईल तितके, अशी पेटीच्या कर्णाशी खेळणारी पिस्तुले तयार झाली. एक पेटी व त्यात दृष्टियंत्र अशा कल्पनेचा ‘मॉडिफाइड’ हा विभागही काही वर्षे होता. तो पुढे रद्द झाला आणि त्याबद्दल कोणी फारशी हळहळ केल्याचे दिसत नाही.

स्टँडर्ड विभागात मेजरसाठी गोळीचा किमान व्यास १० मिलिमीटर, म्हणजे .४० इंच, ठरविण्यात आला. त्यामुळे .३८ सुपरची युक्ती तेथे निरुपयोगी झाली व .४० एस अँड डब्ल्यू या नव्या काडतुसास अनपेक्षित वैभव प्राप्त झाले. त्या काडतुसाचा जन्म क्रीडेसाठी झालेला नाही. १९८६ साली मायामी येथे झालेल्या चकमकीत केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी मारले गेले. तीनंतर त्या संस्थेने अधिक प्रभावी गोळीचा शोध चालविला. त्या शोधातून प्रथम १० मिलिमीटर व मग त्याचेच आखूड रूप म्हणून, जानेवारी १९९० मध्ये, स्मिथ अँड वेसन व विंचेस्टर या कंपन्यांचे.४० हे काडतूस आले. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ९४५ फूट गेली की १७० चा उंबरठा ओलांडला जातो, आणि .४५ पेक्षा बारीक असल्याने दुहेरी रांगेत ती अधिक मावते. पोलीसखात्यांनी नंतर या काडतुसाकडे बऱ्याच अंशी पाठ फिरविली व ती ९ मिलिमीटरकडे परतली. स्टँडर्ड विभागात मात्र नियमाने त्याला आश्रय दिला आहे. एखाद्या शब्दाचा लोकव्यवहारातील वापर संपावा व तो केवळ दरबारी लिखाणात टिकून राहावा, तसा हा प्रकार होय.

इकडे असंतुष्टांचा एक गट बाहेर पडला. १९९६ साली बिल विल्सन, केन हॅकथॉर्न आदींनी ‘इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन’ स्थापन केली. रोज अंगावर बाळगता येईल असेच शस्त्र, अंगरख्याखाली झाकलेले म्यान, आडोशामागून नेमबाजी, असे तिचे नियम. विशेष म्हणजे याच विल्सनच्या कारखान्याने १९८० च्या दशकात कॉम्पेन्सेटर लावलेली पिस्तुले बनवून नाव मिळविले होते. नव्या संस्थेलाही लौकरच विभाग करावे लागले व तिलाही पेटी बनवावी लागली. व्याख्येच्या बंधनातून सुटण्यासाठी बाहेर पडलेल्यांना घराबाहेर पाऊल टाकताच व्याख्या करावी लागते, हे पंथांच्या इतिहासात अनेकदा दिसते.

आंतरराष्ट्रीय संस्थेचे या टीकेस उत्तर २००० च्या सुमारास ‘प्रॉडक्शन’ विभागाच्या रूपाने आले. येथे भूमिका पालटली. स्टँडर्डमध्ये माप सांगितले होते; प्रॉडक्शनमध्ये उगम सांगितला गेला. कारखान्यातून सर्वसामान्य विक्रीसाठी निघालेले व संस्थेच्या मान्य यादीत असलेले पिस्तूलच चालेल. फेरफार जवळजवळ वर्ज्य. नळी १२७ मिलिमीटरांहून लांब नको. पहिल्या गोळीसाठी चाप ओढण्यास किमान २.२७ किलोग्रॅम भार लागला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे, सर्वांचे गुण मायनर म्हणूनच मोजले जातील. या शेवटच्या कलमाने मेजर-मायनरचा सारा हिशेब एका फटक्यात मिटला. ९ मिलिमीटरचे साधे, स्वस्त काडतूस वापरणारा तेथे कोणाहूनही उणा राहिला नाही. जगातील अनेक देशांत हाच विभाग लोकप्रिय झाला, याचे कारण नेमबाजीच्या तत्त्वज्ञानात शोधण्यापेक्षा काडतुसांच्या किमतीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

प्रॉडक्शन विभाग ज्या पिस्तुलांस डोळ्यांपुढे ठेवून आखला गेला ती मुख्यतः दोन कुळांची होती. एक, ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ साली स्वीकारलेले गास्टन ग्लॉक यांचे ग्लॉक १७ : प्लॅस्टिकचा सांगाडा, रिकाम्या मॅगझिनसह वजन सुमारे ७०० ग्रॅम, आणि पहिल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत चापाचा एकसारखा भार. दुसरे, चेकोस्लोव्हाकियातील कौत्स्की बंधूंनी आखलेले सीझेड ७५ : सारे पोलादी, पहिल्या गोळीस चाप जड व लांब, नंतरच्या प्रत्येक गोळीस हलका व आखूड. शीतयुद्धाच्या राजकारणामुळे हे दुसरे पिस्तूल पश्चिमेत दुर्मिळ होते, तरी कूपरनेही त्याची मुक्तकंठाने वाखाणणी केली होती. इटलीतील तानफोलियो कारखान्याने याच आराखड्यावर आपली पिस्तुले बेतली. १९९९ साली फिलिपीन्समधील सेबू येथे ओपन विभागाचे अजिंक्यपद मिळविणारा व त्यानंतर जागतिक विजेतेपदांची मालिकाच रचणारा फ्रान्सचा एरिक ग्रॉफेल दीर्घकाळ तानफोलियोच वापरीत असे.

नियमाने पहिल्या गोळीस जड चापाची अट घातली, तेव्हा सीझेड कुळावर थोडा अन्याय झाल्यासारखे दिसले. प्रत्यक्षात उलटे घडले. बत्तीस गोळ्यांच्या फेरीत जड चाप एकदाच ओढावयाचा. उरलेल्या एकतीस गोळ्या हलक्या चापाने. शिवाय पोलादाचे वजन धक्का गिळते. कारखानदारांच्या हे लक्षात येण्यास वेळ लागला नाही. सीझेडने ‘शॅडो’ या मालिकेत व विशेषतः २०१६ साली काढलेल्या ‘शॅडो २’ मध्ये सुमारे १.३ किलोग्रॅम वजनाचे, स्पर्धेवाचून दुसरे कसलेही प्रयोजन नसलेले पिस्तूल सामान्य विक्रीस ठेवले. ते कारखान्यातून निघाले होते, मोठ्या संख्येने विकले जात होते, यादीत होते. मग ते प्रॉडक्शन नव्हे असे कोण म्हणणार? ‘जे सर्रास बनते ते स्पर्धेत वापरावे’ असा नियमाचा हेतू; ‘जे स्पर्धेत वापरावयाचे ते सर्रास बनवावे’ असे त्यास मिळालेले उत्तर. व्याख्येतील प्रत्येक शब्द पाळला गेला आणि व्याख्या रिकामी झाली. ग्लॉकने १९९८ साली काढलेल्या ग्लॉक ३४ चे नशीब मात्र याच नियमाने वेगळे ठरविले. त्याची नळी १३५ मिलिमीटर लांब; अमेरिकेतील स्पर्धांत ते चालले, आंतरराष्ट्रीय प्रॉडक्शनमध्ये आठ मिलिमीटरांनी बाद झाले. पुढे जड पहिल्या गोळीऐवजी सर्वच गोळ्यांस किमान १.३६ किलोग्रॅम भार, असा पर्यायही नियमांत आला.

१९११ च्या जुन्या पिस्तुलाचे चाहते या सर्व उलाढालीत पोरके झाले होते. त्यांच्यासाठी २०१० नंतर ‘क्लासिक’ विभाग निघाला. तेथे मेजरवाल्यास मॅगझिनमध्ये आठ काडतुसे, मायनरवाल्यास दहा. निवडीचा प्रश्न आज कोठे खऱ्या अर्थाने उघडा असेल, तर तो येथे. फेरीची मांडणी करताना एका जागेवरून नवाहून अधिक नेम घ्यावयास लावू नयेत, असा दंडक आहे. आठांचे मॅगझिन नळीतील एक काडतूस धरून नेमके नऊ भरते व चुकीस जागा ठेवीत नाही. दहांचे मॅगझिन दोनदा चुकण्याची सवलत देते. गुणांतील लाभ घ्यावा की चुकण्याची मुभा घ्यावी, याचे उत्तर नेमबाजाने स्वतःच्या मागील गुणपत्रिका समोर ठेवूनच द्यावयाचे असते. रिव्हॉल्व्हरवाल्यांचा विभाग या सर्वांहून लहान. तेथे निवडीपेक्षा निष्ठाच अधिक दिसते.

दृष्टियंत्राची कथा येथे एक वळण घेते. १९९० साली अव्यवहार्य म्हणून ओपन विभागात कोंडलेला लाल ठिपका पंचवीस वर्षांत इतका लहान व टणक झाला की तो पिस्तुलाच्या सरकत्या भागावरच बसू लागला. अमेरिकी लष्कराने २०१७ साली निवडलेल्या एम-१७ या पिस्तुलावर त्यासाठी मुळातच जागा ठेवलेली आहे. पोलीस व सैनिक ज्याचा वापर करतात ते अव्यवहार्य कसे म्हणावे? अमेरिकेत २०१६ साली ‘कॅरी ऑप्टिक्स’ व थोड्याच काळाने आंतरराष्ट्रीय नियमांत ‘प्रॉडक्शन ऑप्टिक्स’ हे विभाग निघाले. कूपरच्या टीकेचे मूल्यमापन करताना हा प्रसंग विसरता येत नाही. शर्यतीच्या पिस्तुलावर त्याने घेतलेले बाकीचे आक्षेप आजही उभे आहेत. दृष्टियंत्रावरचा मात्र काळाने खोडला. आज चाळिशी उलटलेल्या व जवळचे अस्पष्ट दिसणाऱ्या नेमबाजास हा विभाग विशेष सोयीचा वाटतो, कारण ठिपका आणि लक्ष्य यांवर दोन वेगळ्या अंतरांवर दृष्टी स्थिर करावी लागत नाही.

येथवर निवड ही जणू नेमबाजाच्या इच्छेवर अवलंबून आहे असे गृहीत धरले. पुष्कळ देशांत ती कायद्यावर अवलंबून असते. अमेरिकेत १९९४ ते २००४ या दहा वर्षांत दहाहून अधिक काडतुसांची नवी मॅगझिने नागरिकांस विकण्यास बंदी होती. ‘लिमिटेड-१०’ हा विभाग त्या बंदीचे अपत्य. कायदा गेला, तरी विभाग उरला. इटलीत ९ × १९ हे लष्करी माप म्हणून नागरिकांस दीर्घकाळ वर्ज्य होते. म्हणून तेथील स्पर्धक इस्रायलमध्ये तयार झालेले ९ × २१ हे काडतूस वापरीत, ज्याची पुंगळी दोन मिलिमीटर लांब पण एकूण लांबी जवळजवळ तीच. १९९३ ची जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्ये बिस्ली येथे झाली. डनब्लेन येथील १९९६ च्या हत्याकांडानंतर, १९९७ च्या कायद्याने त्या देशात बहुतेक सर्व पिस्तुले नागरिकांच्या हातून गेली. ज्या मैदानावर जग पिस्तूल घेऊन उतरले होते, तेथील यजमानांस चार वर्षांत पिस्तूल निवडण्याचा प्रश्नच उरला नाही.

भारतात हा प्रश्न आरंभीच थबकतो. ‘पिस्तूल’ व ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून येऊन मराठीत स्थिरावले, त्याला काही शतके झाली. परंतु पिस्तुलाची संघटित क्रीडा येथे स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ साली लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली, आणि त्यांच्या नावाने भरणारी स्पर्धा राष्ट्रीय नेमबाजीचे दार समजली जाते. या परंपरेने ऑलिंपिकचा मार्ग धरला. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली पालेंबांग येथे आशियाई क्रीडास्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले, ते .२२ मापाच्या पिस्तुलावर, एका हाताने, स्थिर उभे राहून. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील व्यवस्थेत ९ मिलिमीटर व .४५ ही मापे सामान्य परवानाधारकास मिळत नाहीत. त्याच्या वाट्यास येते ते बहुधा .३२ चे पिस्तूल. त्याची ७१ ग्रेनची गोळी सेकंदाला ९०० फूट वेगाने जाते असे धरले, तर शक्तिगुणांक ६४ येतो. मायनरचा उंबरठा १२५ आहे.